‘कसंतरी होतंय’

कराड
कार्तिकी एकादशीचा दुसरा दिवस

प्रिय दत्ता,

स. न. वि. वि. आठ महिने पत्र नाही, याची लाज वाटते. फोनवर तू ‘येतंय का ऐकू, येतंय का ऐकू’ एवढंच बोलतोस, म्हणून शेवटी कागदच घेतला. माझी तब्येत बरी. गुडघा आहे तिथेच आहे. सुमनचं बीपी गोळीवर. झालं.

वहिनी दवाखान्यात होत्या. आता घरी आहेत, चांगल्या आहेत. हे सुरुवातीलाच लिहितो, नाहीतर तू सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी उघडशील. हार्ट अटॅक आला होता. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकलाय. एवढं तुला अजितने कळवलंच असेल. त्याने जे कळवलं नाही, कारण त्याला ते माहीतच नाही, ते मी लिहितोय.

तुला ठाऊकच आहे, रिटायर झाल्यापासून मी गल्लीचा ‘बरोबर येणारा माणूस’ झालोय. ‘मास्तर, उद्या डॉक्टरांकडे जरा येता का?’ मग मी फायलीत कागद तारीखवार लावायचे, प्रश्नांची चिठ्ठी करायची, आत गेलं की डॉक्टर काय म्हणाले ते बाहेर येऊन मराठीत सांगायचं. काम गरजेचं आहे रे. कोपऱ्यावरच्या काकूंना फास्टिंग शुगर सांगितली होती, त्या साबुदाण्याची खिचडी खाऊन लॅबमध्ये हजर. ‘फास्टिंग म्हणजे उपासच ना? मग उपासाचंच खाल्लं.’ एकाचा टीबीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तो खुशीत, की चला, पॉझिटिव्ह आलं. त्याला खाली बसवून सांगावं लागलं. तुझ्या मेडिकलमध्ये संध्याकाळी स्टुलावर बसून चिठ्ठ्या वाचल्या, त्याचाच हा सगळा धंदा. फरक एवढाच, की तू वाचायचास आणि गप्प बसायचास.

मध्यंतरी कुठेसं वाचलं होतं. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटांची बोलणी टेप करून मोजली. पेशंटने आपलं दुखणं सांगायला सुरुवात केली की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात. हे मी भेटेल त्याला ऐकवत होतो. अठरा सेकंद, बघा! सुमन म्हणालीसुद्धा, ‘तुम्ही तरी कुठे एवढे थांबता?’ मी हसण्यावारी नेलं.

तर, अश्विनात वहिनींना बरं वाटेना, मीच घेऊन गेलो. बाहेर साठ नंबर. आत गेलो, डॉक्टरांनी विचारलं, ‘काय होतंय आजी?’ वहिनी म्हणाल्या, ‘कसंतरीच होतंय. जिना चढलं की जीव खाली खाली जातो, आणि इथं...’ असं म्हणून त्यांनी हात गालाकडे नेला. तेवढ्यात मी बोललो, ‘डॉक्टर, त्यांना ॲसिडिटी आहे, जुनीच.’

मी नंतर घड्याळ लावून, वहिनींची वाक्यं मनाशी म्हणून बघितली. सहा सेकंद, दत्ता.

डॉक्टरांनी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची गोळी लिहून दिली. आम्ही बाहेर आलो आणि मी वहिनींना ती कधी घ्यायची ते अगदी छान समजावून सांगितलं.

तिसऱ्या रात्री घामाने चादर भिजली, धाप लागली. अजितने गाडी काढली. आता अजित त्या पहिल्या डॉक्टरांवर चिडलाय. साधा ईसीजी काढला नाही म्हणतो. काढायला हवाच होता. पण ईसीजी काढायचं कारण वहिनी सांगत होत्या, ते मी त्यांच्या तोंडातून काढून घेतलं आणि त्या जागी माझी ॲसिडिटी ठेवली. हे अजितला कसं सांगू? तीनदा तोंड उघडलं आणि ‘चहा घेणार का’ विचारलं.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. साखर जुनी असली की नसा बोथट होतात, छातीत कळ येईलच असं नाही, आणि बायकांमध्ये तर धाप, थकवा, घाम, मळमळ, जबडा दुखणं असंही हे दुखणं येतं. जबडा! वहिनी दाताच्या डॉक्टरकडे जायच्या विचारात होत्या. आयसीयूत एक शिकाऊ पोरगी बाजूला स्टूल ओढून बसली आणि ‘आजी, अगदी पहिल्यापासून सांगा’ म्हणाली. वहिनींनी सगळं सांगितलं आणि शेवटी, तक्रार म्हणून नाही, सहज, ‘हे मी त्या दिवशी पण सांगत होते की. भावजी होते बरोबर.’

भावजी पडद्याबाहेर उभे होते. हातात मेडिकल कौन्सिलच्या २००२ सालच्या नियमांची प्रत. कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात, हे मी काउंटरवर जाऊन ठणकावून सांगितलं. तिथली मुलगी म्हणाली, ‘काका, झेरॉक्स काढून ठेवलीये, घ्या की.’ हस तू.

तेव्हापासून मला तुझं दुकान आठवतंय. शरदचा रिपोर्ट. तू काउंटरवर पाकीट उघडलंस, वाचलंस, पुन्हा घडी घालून त्याच्या हातात दिलंस आणि म्हणालास, ‘डॉक्टरांना विचार. मी येतो बरोबर.’ बस्स. मी तुला चार गिऱ्हाइकांसमोर भित्रा म्हणालो. तुला कळलं होतं आणि तू मित्राला सांगितलं नाहीस, हे मला सहन होईना. दोन दिवाळ्या आपण बोललो नाही. आणि तू दवाखान्यातसुद्धा बाहेरच बसलास. शरद एकटा आत गेला. मी आलो असतो तर आत घुसलो असतो, आणि त्याच्या वतीने सगळं विचारलं असतं. त्याला काय विचारायचं होतं ते सोडून. (तरीही, तू तेव्हा चिडून माझी उधारीची वही सुमनसमोर काढलीस, ते मी विसरलेलो नाही.)

तुझी ती तोंडी परीक्षाही आठवली. स्ट्रिपवर स्केचपेनने सकाळची एक रेघ, रात्रीच्या दोन रेघा, आणि सुटे परत द्यायच्या आधी, ‘आता मला सांगा, ही कधी घ्यायची?’ मी किती चेष्टा करायचो. परवा डिस्चार्जचा कागद घेऊन मी वहिनींपुढे अर्धा तास बसलो. ओडी म्हणजे एकदा, बीडी म्हणजे दोनदा, एचएस म्हणजे झोपताना. त्या ‘हो, हो’ करत होत्या. शेवटी तुझ्यासारखं विचारलं, ‘आता तुम्ही सांगा.’

म्हणाल्या, ‘स्टेंटच्या गोळ्या जेवणानंतर. एकादशीला जेवण नाही, मग त्या पण नाहीत. साखरेचीही मी तशीच घेते.’

वीस वर्षं, दत्ता! दर एकादशी, दर चतुर्थी. त्यांची चूक काय? कागदावर ‘जेवणानंतर’ असंच छापलं होतं. स्टेंटच्या गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत आणि कुणी दात काढायला म्हणून बंद करायला सांगितलं तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायच्या नाहीत, हे मला माहीत होतं. साखरेच्या गोळीचं उलटं. ती उपाशीपोटी घेतली तर साखर खाली जाऊ शकते. मी सांगायला तोंड उघडलं, मिटलं, आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावून वहिनींच्या हातात दिला. मी परसात जाऊन तुळशीला पाणी घातलं. तिला सकाळीच घातलं होतं.

बरंच बोलणं झालं. बाई म्हणत होत्या उपास सोडा, वहिनी म्हणत होत्या कार्तिकी सुटणार नाही. शेवटी साबुदाणा बंद, वेळेवर थोडी भगर नि दाण्याची आमटी, स्टेंटच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि उपासाच्या दिवशी साखरेची गोळी किती ते बाईंनी सांगितलं. वहिनींनी ते स्वतःच्या अक्षरात कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. काल तसंच केलं. मला दाखवलं नाही, मीच डोकावून बघितलं.

तुझं मोतीबिंदूचं कुठवर आलं? डावा की उजवा? थेंब वेळेवर घाल. नातीचं नाव काय ठेवलं ते कळव, सुमन विचारते. तुझ्या दुकानाच्या जागी आता मोबाईलवाला बसतो, पाटीची खूण अजून भिंतीवर आहे.

पुढच्या आठवड्यात वहिनींना दाखवायला जायचंय. मी विचारलं, अजितला रजा टाकायला सांगू का? म्हणाल्या, ‘नको, तुम्हीच या भावजी. बाहेर बसा.’

शरद आत होता तेव्हा तू त्या बाकावर तासभर बसला होतास. काय केलंस रे एवढा वेळ? ते मात्र नक्की कळव. बुधवारच्या आत.

तुझा,
बाळू