पेट स्कॅनच्या पेशंटला वाळीत टाकू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय, पेट स्कॅन (मुख्यतः कॅन्सर कुठे आहे ते शोधायचा स्कॅन) केलेल्या माणसाच्या अंगातून आठ दिवस किरणं निघतात, त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवा वगैरे. आमच्या शेजारच्या काकूंचा स्कॅन झाला तर घरच्यांनी खरंच त्यांचं अंथरूण वरच्या खोलीत हलवलं आणि नातवाला जिन्यातूनच परत पाठवायला लागले, म्हणून हे लिहितोय.

अहो, त्या इंजेक्शनमध्ये जवळपास साखरच असते, ग्लुकोजला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चिकटवलेला, त्याला एफडीजी म्हणतात. कॅन्सरच्या पेशी मुळात साखरेला हपापलेल्या, ही पण ओढून घेतात, पण ही पुढे पचत नाही, तिथेच अडकते आणि मशीनला नेमकी ती जागा दिसते. म्हणून तर उपाशीपोटी बोलावतात, आधी शुगर बघतात, आणि इंजेक्शननंतर तासभर गप पडून राहा म्हणतात, कारण हालचाल केली की स्नायूच ती साखर खाऊन टाकतात आणि रिपोर्टचा घोळ होतो.

आता मुद्द्याचं. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, शिवाय काही भाग लघवीतून जातो (म्हणून भरपूर पाणी प्या सांगतात). सकाळी सायक्लोट्रॉनमध्ये (असे किरणोत्सारी पदार्थ बनवायच्या मशीनमध्ये) बनवलेला डोस उद्यासाठी ठेवताच येत नाही, मग तो अंगात आठवडाभर कुठून टिकणार? लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून त्या दिवशी काही तास लांब राहायचं, बास. आठ दिवसांचं खूळ बहुतेक थायरॉइडच्या उपचारात देतात त्या किरणोत्सारी आयोडीन-१३१ वरून आलं असावं, त्याला निम्मं व्हायलाच आठ दिवस लागतात आणि मोठा डोस असेल तर पेशंटला खरंच वेगळ्या खोलीत ठेवतात. दोन्ही गोष्टी एकच समजायच्या का?

आणि देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ साली आपल्याच मुंबईत परळला, रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला, तरी काकूंच्या हातात फॉर्म पडला तो इंग्रजीत, इथे सही करा, संपलं! सेंटरवाल्यांना एवढंच सांगणं आहे, अर्धं पान मराठीत छापा आणि खाली पेनने वेळ लिहून द्या, अमुक वाजल्यानंतर नातवंडाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. घरचे फॉरवर्डपेक्षा त्या कागदावर नक्की विश्वास ठेवतील.

– एक वाचक, कराड