ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) आग शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. नाशिकमधल्या आमच्या ओटीच्या सिस्टर, टेक्निशियन आणि मामा-मावशी अशा सगळ्यांकडून हे पत्र. स्वतः भूलतज्ज्ञ असूनही तुम्ही सुट्टीचा दिवस आमच्या आगसुरक्षेच्या वर्गासाठी दिलात, त्याबद्दल मनापासून आभार.

एरवीच्या वर्गात आग विझवायच्या सिलिंडरची पिन काढणे आणि आगीच्या बुडाशी फवारा मारणे, एवढ्यावर विषय संपतो. तुम्ही सुरुवातच पेशंटच्या अंगावरून केलीत. स्पिरिटवाले औषध लावल्यावर घड्याळ बघून किमान ३ मिनिटे थांबायचे, बेंबीत आणि पाठीखाली साचलेले टिपून घ्यायचे, ओले कापड बाजूला न्यायचे, मगच ड्रेप, म्हणजे पेशंटवर पांघरायचे निर्जंतुक कापड. केसांत तेच औषध वाळायला तासभरही लागतो. घाई होते ती नेमकी इथेच, आणि ड्रेपखाली कोंडलेली वाफ कॉटरीच्या (विजेवर तापवून कापायच्या, रक्त थांबवायच्या उपकरणाच्या) एका ठिणगीने पेटते.

चेहऱ्याच्या किंवा मानेच्या ऑपरेशनला मास्कने ऑक्सिजन चालू असेल, तर तोही ड्रेपखाली साठतो. म्हणून प्रमाण ३० टक्क्यांच्या आत. जास्त लागणार असेल, तर आधीच श्वासनलिकेत ट्यूब घालायचा विचार. कॉटरी लावण्याआधी सर्जनने सांगायचे, भूलतज्ज्ञाने ऑक्सिजन कमी करायचा, साठलेला निघून जाईपर्यंत थांबायचे. कॉटरीची पेन्सिल वापर नसताना होल्स्टरमध्येच, म्हणजे तिच्या खोळीतच. दुर्बिणीच्या लाइट केबलचे टोक चालू स्थितीत ड्रेपवर ठेवले, तर तेही कापड जाळते.

सगळ्यात मोलाचे म्हणजे हुकमाची वाट न बघणे. ड्रेप पेटला तर जवळचा माणूस तो ओढून खाली टाकणार, कारण ड्रेपवर पाणी ठरत नाही, वरून ओघळून जाते आणि खाली आग तशीच राहते. त्याच वेळी भूलतज्ज्ञ गॅस बंद करणार, स्क्रब सिस्टर ट्रॉलीवरच्या भांड्यातले सलाईन ओतणार. फायर ब्लँकेट पेशंटवर टाकायचे नाही, त्याने आग अंगाशीच दाबली जाते. आग विझवायचा सिलिंडर लागलाच तर कार्बन डायऑक्साइडचा. पावडर उघड्या जखमेत जाते. श्वासनलिकेत आग लागली तर ट्यूब बाहेर, गॅस बंद, घशात सलाईन; विझल्यावर साध्या हवेने श्वास द्यायचा आणि काढलेली ट्यूब तपासायची, तुकडा आत राहिला का ते पाहायला.

ऑक्सिजन लाइनच्या व्हॉल्व्हबद्दल तुम्ही जे बजावलेत, ते नाशिककरांना वेगळे समजावावे लागत नाही. २१ एप्रिल २०२१ ला या शहरात टाकीच्या गळतीने ऑक्सिजनचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. म्हणून पेशंटचा ऑक्सिजन आधी मशीनवर बंद करायचा. कॉरिडॉरमधला व्हॉल्व्ह फिरवायची वेळ आलीच, तर त्या लाइनवर आणखी कोण आहे ते ओरडून विचारायचे, रिकव्हरी रूममध्ये अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर पोहोचला की मगच हात लावायचा. बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञाला आमचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे ठाऊक नसते, मामांना असते. त्यांना तुम्ही पहिल्या रांगेत बसवलेत, हे आम्ही विसरणार नाही.

रात्रपाळीच्या सिस्टरना त्या दिवशी येता आले नाही. त्यांच्यासाठी एकदा पुन्हा याल का?

आपले,
ओटी कर्मचारी, नाशिक