जपानशी झालेला तह आठवावा

संपादक महोदय,

युद्धविरामाच्या बातम्या रोज वाचतो, पण भारताने स्वतः केलेल्या एका तहाची आठवण कुणी काढत नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जपानशी शांतता करार झाला, त्या परिषदेला भारत गेला नाही. जपानमध्ये अमेरिकी फौजा ठेवण्याची तरतूद आपल्याला मान्य नव्हती. मग ९ जून १९५२ रोजी टोकियोत स्वतंत्र तह झाला. त्यात भारताने युद्धभरपाईचे सगळे दावे सोडून दिले आणि इथली जपानी मालमत्ताही परत करण्याचे कबूल केले.

हे सोपे नव्हते. इंफाळ-कोहिमाच्या लढाया होऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाकला मराठा पलटणीचे जवान जपान्यांशी लढले होते, त्यांच्या घरच्यांच्या जखमा ताज्या असणार. तरीही आपण सूड मागितला नाही, हे मला फार मोठे वाटते.

इतिहासाच्या पुस्तकांत व्हर्सायच्या तहावर पानेच्या पाने असतात. टोकियोतल्या या तहालाही एखादा परिच्छेद मिळावा, ही पाठ्यपुस्तक मंडळाला कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, सातारा