नवी मार्गिका टाकताना आधी जागा आणि पाण्याचा विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बदलापूर-कर्जत या ३२ किलोमीटरच्या टप्प्यावर तिसरी व चौथी रेल्वे मार्गिका टाकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. कल्याणच्या पुढे कर्जतपर्यंत लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या दोनच मार्गिकांवरून धावत असल्याने हा निर्णय आवश्यकच होता. मात्र मंजुरीनंतर काय होते, याचा पूर्वानुभव फारसा आश्वासक नाही. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर होऊनही फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तर तिच्याच बरोबरीने मंजूर झालेली कुर्ला-सीएसएमटी मार्गिका रुळांलगतच्या वस्त्या, इमारती आणि जुने पूल यांच्यात रखडली. याच मार्गिकेच्या आड येणारा शीवचा ब्रिटिशकालीन पूल पाडण्यासाठी वाहतुकीस बंद झाला तो थेट ऑगस्ट २०२४ मध्ये.

बदलापूर-कर्जतदरम्यानच्या वांगणी, शेलू, नेरळ या भागांत ही वेळ अद्याप आलेली नाही. पण नवी गृहसंकुले ज्या वेगाने रुळांकडे सरकत आहेत (स्थानकाजवळचे घर म्हणूनच ती विकली जातात), ते पाहता फार अवधीही उरलेला नाही. रेल्वेने मार्गिकेची आखणी सर्व्हे क्रमांकांसह नगरपालिका, ग्रामपंचायती व जिल्हाधिकाऱ्यांकडे तातडीने द्यावी आणि राज्य सरकारने त्या पट्ट्यात नवी बांधकाम परवानगी थांबवावी. अर्थात जमीन अडकवून ठेवायची आणि मोबदल्यासाठी शेतकऱ्याला वर्षानुवर्षे हेलपाटे घालायला लावायचे, हेही चालणार नाही.

त्याहून गंभीर प्रश्न पाण्याचा आहे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. त्याच खोऱ्यात आता आणखी दोन मार्गिकांसाठी भराव पडणार आहे. रुळांखालून पाणी जाण्यासाठीच्या जुन्या मोऱ्या आहेत तेवढ्याच मापाने पुढे वाढवल्या, तर अडलेले पाणी शेतात आणि सखल वस्त्यांत शिरेल. गाड्या कदाचित वेळेवर धावतील, गावे मात्र बुडतील. म्हणून मोऱ्या व पुलांची रुंदी ठरवताना २०१९ ची पूरपातळी आधारभूत धरावी, आणि हे आराखडे निविदा निघण्यापूर्वी मराठीतून प्रत्येक स्थानकावर व ग्रामपंचायतीत लावून हरकतींसाठी पुरेशी मुदत द्यावी.

आपला,
एक रेल्वे प्रवासी, बदलापूर