घोषणा इतिवृत्तात उतरत नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

औष्णिक वीज केंद्र असो, खाण असो की बंदर, प्रकल्पावरचा वाद आता ठरल्या वाटेने जातो. इकडून 'विकासविरोधी' आणि 'परकीय पैशांवर पोसलेले', तिकडून 'कंपनीचे दलाल'. पक्षांच्या भूमिका तर खुर्चीबरोबर फिरतात. मुंबई मेट्रोची कारशेड २०१९ ते २०२२ या काळात आरेतून कांजूरमार्गला आणि कांजूरमार्गहून परत आरेत आली. मधल्या काळात झाडांविषयी कुणालाही नवे ज्ञान झाले नव्हते, सरकारे तेवढी बदलली होती. या गदारोळात एक जागा मात्र बहुतेक वेळा ओस पडते. हरकतीला जिथे कायद्याने वजन आहे, ती जनसुनावणीची जागा. आंदोलक तिथे घोषणा देऊन परततात, समर्थक बस भरून माणसे आणतात, आणि प्रकल्पाचे पर्यावरणावर काय परिणाम होतील हे सांगणारा अहवाल कुणी वाचलेलाच नसतो.

पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना हा या सगळ्याचा पाया. तिच्यानुसार लोकांचे म्हणणे दोन मार्गांनी घेतले जाते. एक, प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ स्थानिकांसाठी होणारी जनसुनावणी. दोन, लेखी हरकती. त्या पाठवायला त्या गावचा रहिवासी असावे लागत नाही. प्रकल्पाशी ज्याचा रास्त संबंध पोहोचतो अशा कुणालाही त्या पाठवता येतात. नदीच्या खालच्या अंगाला चाळीस किलोमीटरवर राहणारा शेतकरीही त्यात येतो. हा दुसरा मार्ग कितीतरी जणांना ठाऊकच नसतो.

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघावी लागते, तीही एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, जिल्हा उद्योग केंद्र इथे पाहायला ठेवावा लागतो. गोम अशी की मराठीत फक्त सारांश देण्याचे बंधन आहे आणि हा सारांश जास्तीत जास्त दहा पानांचा. मूळ अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत, तक्त्यांनी भरलेला. ज्यांच्या विहिरींचे पाणी तपासले, त्यांना तपासणीचा तक्ता वाचता येत नाही. त्यामुळे नोटीस आल्या आल्या पहिल्या आठवड्यात करायचे काम एकच: मूळ अहवाल मिळवायचा, त्यातली पाणी, हवा, जमीन आणि पुनर्वसन ही प्रकरणे वाटून घ्यायची आणि इंग्रजी जाणणाऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन वाचून काढायची. सभा-मोर्चे त्यानंतर.

वाचताना नेमके काय पाहायचे? अभ्यासक्षेत्र साधारणपणे दहा किलोमीटर त्रिज्येचे असते. त्यातली हवा तपासण्याची केंद्रे नकाशावर शोधावीत आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी आकृती त्याच नकाशाशेजारी धरावी. वारा जिकडे वाहतो त्या बाजूला केंद्रच नसेल, तर धूर सगळ्यात जास्त जिथे जाणार तिथली आजची हवा मोजलेलीच नाही, एवढे एका वाक्यात लिहिता येते. मोजमापे बहुधा पावसाळा सोडून एकाच ऋतूतली असतात. ज्या नाल्याला जानेवारीत पाणी नसते, तो जुलैत गावात शिरतो, हे त्या तक्त्यात उमटत नाही. अहवालात दुसऱ्याच जागेची नावे, तिथे न आढळणारी झाडे किंवा प्राणी आले असतील तर खूण करून ठेवावी. मजकूर उचलण्याचा प्रकार या व्यवसायात जुना आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर सापडल्याचे प्रकरण गाजलेले आहे. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला पैसे प्रकल्पाची कंपनीच देते, हे लक्षात घेतले की त्याचे नवल वाटत नाही.

मग आकडेमोड. ५०० मेगावॉटचे कोळशावरचे केंद्र ८५ टक्के क्षमतेने चालले तर दिवसाला १०,२०० मेगावॉट-तास वीज तयार होते. २०१७ नंतरच्या केंद्रांना प्रति मेगावॉट-तास ३ घनमीटर पाण्याची मर्यादा आहे. म्हणजे रोजचे पाणी तीन कोटी लिटरच्या घरात. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर रोज सुमारे ७,१०० टन कोळसा आणि राख ३५ टक्के धरली तर रोज अडीच हजार टन राख. कार्बन डायऑक्साइड युनिटमागे साधारण ९५० ग्रॅम धरला, तर वर्षाला ३५ लाख टनांच्या आसपास. आता अहवाल उघडावा. पाण्याचा स्रोत म्हणून ज्या धरणाचे नाव दिले आहे, त्यातून उन्हाळ्यात एवढे पाणी देण्याचे पाटबंधारे खात्याचे पत्र जोडले आहे का? राखेचा तलाव किती एकरांचा, किती वर्षांत भरणार? या दोन प्रश्नांना उत्तर द्यावेच लागते. 'आमच्या पिढ्या उद्ध्वस्त होतील' या वाक्याला द्यावे लागत नाही, ते कितीही खरे असले तरी.

हरकत लिहायची ती अशी: अहवालाचा पान क्रमांक, तिथे काय लिहिले आहे, त्यात काय चूक किंवा काय गाळले आहे, आणि आपली मागणी काय. एका परिच्छेदात एकच मुद्दा. शंभर जणांनी सही केलेल्या एकाच छापील पत्राने मुद्दे वाढत नाहीत. दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे मांडले तर दहा उत्तरे द्यावी लागतात. पत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच नसलेली हरकत दिलीच नव्हती असे समजावे.

आता सुनावणीचा दिवस. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो. प्रतिनिधी अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा चालत नाही. चित्रीकरण सक्तीचे आहे. हजर असलेल्या प्रत्येकाला बोलण्याची, खुलासा मागण्याची संधी द्यावी लागते. शेवटी इतिवृत्त लोकांसमोर मराठीत वाचून दाखवायचे असते आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची असते. नेमके इथेच घसरते. चार तास बोलून दमलेली माणसे निघून जातात, मंडप रिकामा होतो आणि वाचन उरकले जाते. आपला मुद्दा गाळला किंवा 'काही ग्रामस्थांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली' एवढ्यावर उरकला, हे तिथल्या तिथे सांगितले तरच दुरुस्ती होते. निदान चार-पाच जणांनी शेवटपर्यंत बसून राहायचे, हे आधीच ठरवावे.

सुनावणी उधळण्याचे डावपेच मात्र आंदोलकांच्याच अंगलट येतात. अधिसूचनेत गणसंख्येची अट नाही. बहिष्कार टाकला तर रिकाम्या खुर्च्यांसमोरही सुनावणी वैध ठरते आणि इतिवृत्तात 'हरकत नाही' असे चित्र उभे राहते. मंडप मोडला, माईक हिसकावला, तर त्याहून वाईट. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने म्हणणे मांडता येणे शक्य नाही असा अहवाल गेला, तर सुनावणीच वगळण्याचा अधिकार मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला त्याच अधिसूचनेने दिला आहे. ज्या दाराला लाथ मारली, ते कायमचे बंद होण्याची ही सोय. संतापाची कारणे खरी असतात. पण हे कलम वाचलेला कार्यकर्ता माईक हिसकावणार नाही.

सुनावणी म्हणजे मतदान, हाही असाच एक गैरसमज. नऊशे विरुद्ध शंभर असा निकाल तिथे लागत नाही. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाण नाकारली आणि ती थांबली. तो अधिकार वनहक्क कायद्यातून आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आला होता, पर्यावरण सुनावणीतून नव्हे. आरेत तर अशी सुनावणी झालीच नाही. मेट्रो रेल्वे अधिसूचनेच्या यादीतच बसत नाही, म्हणून सगळी लढाई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे आणि न्यायालयात गेली. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे पडू लागली. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ७ तारखेला आला, तेव्हा थांबवण्यासारखे फारसे उरले नव्हते.

सुनावणीनंतर कंपनीने प्रत्येक मुद्द्याला उत्तर देऊन अंतिम अहवाल करायचा असतो. 'नियमानुसार उपाययोजना करण्यात येईल' हे सर्वात लाडके उत्तर. त्यानंतर मंजुरीची शिफारस करणारी तज्ज्ञ मूल्यांकन समिती बसते. तिची विषयपत्रिका 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर येते. बैठकीपूर्वी समितीला पत्र लिहून 'अमुक मुद्द्याला उत्तर मिळालेले नाही' हे इतिवृत्ताच्या पान क्रमांकासह कळवता येते. मंजुरी मिळाली की कंपनीला सात दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला ३० दिवस. पुरेसे कारण दाखवले तर आणखी ६०. एकूण नव्वद दिवस उलटले की लवादालाही दार उघडता येत नाही. नंतर दर १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यायचा असतो. तो मागून वाचणारे विरळा.

आता सरकारी बाजू. 'कार्यकर्त्यांमुळे प्रकल्प रखडतात' असे मंत्री सांगतात. अधिसूचनेतल्या मुदती पाहाव्यात. सुनावणीची प्रक्रिया ४५ दिवसांत, समितीचे मूल्यांकन ६० दिवसांत, त्यावरचा निर्णय आणखी ४५ दिवसांत. अर्धवट अहवाल समितीकडून माहितीसाठी परत येतो आणि ते महिने आंदोलकांच्या नावावर लिहिले जातात. यावर उपाय म्हणून अहवालांचा दर्जा सुधारता आला असता. प्रत्यक्षात नव्या अधिसूचनेच्या २०२० च्या मसुद्यात नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव आला. त्याविरुद्ध ई-मेल मोहीम चालवणाऱ्या तरुणांची संकेतस्थळे बंद पडली आणि त्यांच्यापैकी 'फ्रायडेज फॉर फ्यूचर'च्या संदर्भात दिल्ली पोलिसांनी काढलेल्या नोटिशीत चक्क यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याचा उल्लेख होता. ते नजरचुकीने झाल्याचे पोलिसांनी नंतर सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये राज्यांच्या मंजुरी प्राधिकरणांना तारे देण्याची योजना आली आणि तीत लवकर मंजुरी देणाऱ्याला जास्त गुण होते. परीक्षकाला पेपर भरभर तपासल्याबद्दल बक्षीस द्यावे तसे हे. आधी काम, मग मंजुरी ही पद्धत मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली आणि नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तोच निकाल मागे घेतला.

हवामानबदलाचे काय? हरित लवादाने २०१९ मध्ये एका अल्पवयीन मुलीचा हवामानविषयक अर्ज निकाली काढताना, पर्यावरण मंजुऱ्या देताना पॅरिस कराराचा विचार होत नाही असे मानण्याचे कारण नाही, असे म्हटले. अधिसूचना वाचली तर प्रकल्पाच्या एकूण कार्बनचा हिशेब मागणारे कलम त्यात सापडत नाही. मात्र अर्जाच्या नमुन्यात इंधन जाळून होणाऱ्या उत्सर्जनाचा रकाना आहे, आणि पूर, दरड, ढगफुटीने प्रकल्पालाच धोका आहे का, असाही प्रश्न आहे. हे दोन रकाने हवामानाच्या हरकतीची खुंटी आहेत. 'पृथ्वी वाचवा' लिहिण्याऐवजी 'पूररेषा कोणत्या वर्षांच्या पावसावर काढली?' असे विचारले तर उत्तर द्यावे लागेल. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये अंतर्भूत मानला, त्याचाही आधार घेता येतो. तो खटला मुळात माळढोक पक्षी विरुद्ध सौरविजेच्या तारा असा होता, हे विसरू नये. सौर प्रकल्पांना ही अधिसूचना लागूच नाही. कितीही एकर माळरान गेले तरी तिच्याखाली सुनावणी नाही. यावर पर्यावरणवाद्यांचा आवाज जरा दबकाच असतो.

शेवटी आपल्याकडेच एक मागणी. 'पर्यावरणविषयक जाहीर लोकसुनावणी' या मथळ्याची नोटीस कायद्याप्रमाणे दैनिकातच छापली जाते, आतल्या पानावर, बारीक टायपात, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी. जिल्हा आवृत्तीत अशी नोटीस येईल त्याच दिवशी चार ओळींची बातमीही द्यावी: प्रकल्प कोणता, अहवाल कोणत्या कार्यालयात पाहायला मिळेल, लेखी हरकतीची शेवटची तारीख कोणती, सुनावणी कुठे आणि किती वाजता.

आपला विश्वासू,
एक वाचक