दूरदर्शनची एक संध्याकाळ, साल 1985

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

राजारामपुरीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात 'दूरदर्शनचा एक दिवस' करायचा ठरलाय, त्याची आखणी लिहून पाठवतेय. बाबा, हा कागद तसाच बैठकीत वाचून दाखवा.

सगळ्यात आधी साल ठरवा. नाहीतर प्रत्येक जण आपलं आवडतं घुसडणार आणि त्याचा नुसता गाण्यांचा कार्यक्रम होणार. माझं मत 1985. रंगीत प्रक्षेपण 15 ऑगस्ट 1982 ला सुरू झालं होतं, राष्ट्रीय कार्यक्रम रुळला होता आणि 'हम लोग' चालू होती (7 जुलै 1984 ते डिसेंबर 1985). 'रामायण' हवंच, असं कुणीतरी म्हणणार. ते आलं 25 जानेवारी 1987 ला. 'मिले सुर मेरा तुम्हारा' 1988 च्या स्वातंत्र्यदिनाचं. दोन्ही गोड बोलून बाहेर ठेवा, त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळ करता येईल.

क्रम मात्र हलवू नका. गाणी लागायची असली तरी आधी शेतीचा कार्यक्रम संपायची वाट बघावी लागे, त्यातच त्या काळच्या टीव्हीची गंमत होती. वाहिनी एकच, आणि तिच्यावर शेतकरी, कामगार, पोरंटोरं, गाण्याचे दर्दी अशा सगळ्यांना जागा द्यायची. त्यामुळे ज्याच्या सात पिढ्यांत कुणी ऊस लावला नाही, त्यालाही खोडव्याचं खत तोंडपाठ.

तर असं करा. सुरुवातीला रंगीत पट्टे आणि सोबतची शिट्टी, पण 20 सेकंदच. ती शिट्टी 1000 हर्ट्झची, कानातलं यंत्र लावणाऱ्यांना फार टोचते, म्हणून आवाज अर्ध्यावर ठेवा. मग फिरत फिरत जुळणारं बोधचिन्ह आणि पंडित रविशंकरांची धून. त्यानंतर 'आमची माती आमची माणसं' 15 मिनिटं, 'किलबिल' 10, 'कामगार विश्व' 10, मराठी बातम्या 7. इथे चहा, चांगला 20 मिनिटांचा. तोवर पाऊण तास होऊन जातो आणि आपल्या वयाच्या मंडळींना उठावं लागतंच. नंतर 'गजरा' 15, शास्त्रीय गायन 15, 'छायागीत'ची चार गाणी, आणि शेवटी 'हम लोग'चा एक भाग, अशोककुमारांच्या समारोपासकट. तो समारोप कापू नका, लोक त्याचीच वाट बघत असतात. चहा आणि निवेदन धरून साधारण अडीच तास.

कार्यक्रम शोधताना प्रसार भारतीच्या अर्काइव्हजची यूट्यूब वाहिनी आधी बघा. मुंबई केंद्राचं सगळं मिळणार नाही. बरंचसं थेट जायचं, आणि टेप महाग म्हणून पुसून पुन्हा वापरत. एखादा कार्यक्रम सापडला नाही तर त्याच प्रकारचा दुसरा घ्या, पण ती जागा गाण्यांनी भरू नका. इतरांनी चढवलेल्या प्रती नीट तपासा. काही जण चित्र उलटं करतात (पाट्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात), काही वेग वाढवतात, मग आवाज पोरकट येतो. आणि जाहीर कार्यक्रम आहे, तेव्हा प्रसार भारतीला परवानगीसाठी एक पत्र आधी टाकून ठेवा.

आता पडदा. चित्र 4:3 प्रमाणातच ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू देत. पडदा भरायला ताणलं की सगळेच खासबागेतले पैलवान दिसायला लागतात. चित्र फार मोठंही नको. जुन्या चित्रात ओळीच 625, त्यातल्याही 576 च दिसणाऱ्या. सहा फूट रुंद आणि साडेचार फूट उंच पुरे, आणि पहिली रांग किमान 14 फुटांवर. आवाज प्रोजेक्टरचा नको, हॉलचा ॲम्प्लिफायर लावा आणि मोनोवर ठेवा. कित्येक जुन्या प्रतींत आवाज एकाच बाजूला असतो, मग अर्ध्या हॉलला ऐकू येत नाही आणि दोष मशीनला जातो.

आई, निवेदिका तू हो. दोन कार्यक्रमांच्या मधे एक खुर्ची, एक फुलदाणी, काठापदराची साडी आणि 30 सेकंदांत पुढच्या कार्यक्रमाची माहिती. तेवढ्यात लॅपटॉपवाल्याला पुढचा व्हिडिओ लावून जाहिरात उडवता येते. नेट अडकलंच तर 'व्यत्यय'ची पाटी पुठ्ठ्यावर तयार ठेवा. ती आली की टाळ्या नक्की.

कुणाच्या गच्चीवर जुना अँटेना असेल तर मंचावर उभा करा. जोडून काही उपयोग नाही, ॲनालॉग प्रक्षेपण जवळपास सगळीकडे बंद झालंय. पण समजावून सांगण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. दुमडलेल्या नळीचा जो भाग, त्यालाच वायर. मागची लांब काडी परावर्तक, पुढच्या आखूड काड्या केंद्राकडे तोंड करून. मुंबईच्या चॅनल 4 साठी ती नळी जवळजवळ सव्वादोन मीटर, पुण्याच्या चॅनल 5 साठी पाऊण मीटरच्या वर थोडी. म्हणून एकाचा अँटेना दुसऱ्याला चालत नसे. चपट्या वायरीत पावसाचं पाणी शिरलं, सांधे गंजले, की पडद्यावर मुंग्या. माणसाशेजारी त्याची सावली दिसली, तर सिग्नल एखाद्या इमारतीवर किंवा डोंगरावर आपटून उशिरा पोचतोय असं समजायचं. 20 इंची पडद्यावर सावली 8 मिलिमीटर उजवीकडे सरकलेली असेल, तर त्या सिग्नलने सुमारे 300 मीटरचा जादा फेरा मारलेला असतो. अशा वेळी बूस्टर लावून काही होत नाही, सावलीही तितकीच ठळक होते. अँटेना थोडा फिरवणं हाच इलाज.

रंगीत तालीम आदल्या दिवशी, त्याच वेळेला घ्या. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडक्यांतून पडद्यावर ऊन येत असेल तर ते तेव्हाच कळेल. पडदे नसले तर घरातल्या दोन जाड चादरी घेऊन जा.

तुमची लेक