वर येतं ते आंबट असतं का, हे विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि वाचल्यावर तुम्ही ओळखालच. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे ते आईच्या हट्टामुळे. "माझ्यासारखी अजून कुणी पित्ताच्या गोळ्या खात बसली असेल, तिला कळू दे," असं तिचं म्हणणं. तेव्हा आभार तुमचे, पण सांगणं सगळ्यांसाठी.

आईचं दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. आधी छातीत जळजळ, मग जेवलेलं घशाशी येणं, मग रात्री ठसका लागून उठून बसणं. पित्त म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. पित्त कुणाला नसतं? सकाळी पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी, जेवणानंतर ते गुलाबी पातळ औषध, कोकम, आवळा, जिऱ्याचं पाणी. तिखट बंद, चहा बंद. गोळी एकाची दोन झाली. एका ठिकाणी दुर्बिणीतून तपासणी झाली आणि रिपोर्ट 'नॉर्मल, किंचित सूज' असा आला. रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर "बाई मनाला फार लावून घेतात, टेन्शन आहे," असंही ऐकवण्यात आलं. आईने ते बोलून दाखवलं नाही, पण त्यानंतर तिने दुखण्याबद्दल बोलणंच कमी केलं.

आणि तिचं जेवण! भाकरी आमटीत कुस्करायची, एक घास, त्यावर फुलपात्रभर पाणी. मग पाठ ताठ करून, मान वर करून थांबायची. तेवढ्याने झालं नाही की छाती चोळत उठायची, ओसरीवर फेऱ्या मारायची, दोन्ही हात डोक्यावर धरायची. आत काहीतरी खाली सुटलं की परत ताटावर. आमची जेवणं होऊन भांडी घासून व्हायची तरी तिचं ताट अर्धंच असायचं. लग्नाच्या पंगतीत बसणं तिने सोडून दिलं, कुणी आग्रह केला तर "आज उपास आहे" म्हणायची. सकाळी उशीचा अभ्रा ओला असायचा. मनगटावरच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या तेव्हा मी घाबरले आणि तिला तुमच्याकडे घेऊन आले.

तुम्ही फाइल पाहिलीत, सगळी, शेवटच्या कागदापर्यंत. मग ती बाजूला ठेवून म्हणालात, "मावशी, जेवताना काय होतं ते मला करून दाखवा." टेबलाच्या खणातून बिस्किटाचा पुडा काढलात आणि पेल्यात पाणी ओतलंत. बाहेर बाकं भरलेली होती, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला, तरी तुम्ही समोर बसून आईला एक बिस्कीट खाताना पाहत होतात. ती सवयीने उठून उभी राहिली, हात वर घेतले, आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. मग तुम्ही विचारलंत, "वर येतं ते आंबट असतं का, की जेवलेलंच जसंच्या तसं?"

आई म्हणाली, "आंबट कुठलं. भाताची शितं दिसतात. सकाळचं संध्याकाळी येतं, पण चव तीच."

"आणि पाणी? तेही अडतं?"

"भाकरी अडते तसं पाणीपण अडतं. कधी कधी पाणी जास्त."

हे तिने आधीही सांगितलं असणार. पण 'वर येतं' एवढं ऐकलं की समोरचा पेन उचलायचा. तुम्ही पुढचं विचारलंत, आणि उत्तर संपेपर्यंत थांबलात. मॅडम, आभार आहेत ते सगळ्यात आधी या थांबण्याचे.

लेटरपॅडच्या मागच्या बाजूला तुम्ही काढलेलं चित्र मी जपून ठेवलं आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे तीन-चार सेंटीमीटर लांबीचा स्नायूंचा आवळ भाग असतो, ती खालची झडप. एरवी मिटलेली, घास गिळला की काही सेकंद सैल होते, घास गेला की पुन्हा मिटते. भोवतीने श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याचे, स्नायूही तिला आवळून धरतात. नेहमीच्या ऍसिड रिफ्लक्समध्ये ही झडप ढिली पडलेली असते, किंवा घास नसतानाही अवेळी उघडते, आणि जठरातलं आम्ल वर येतं. म्हणून ते आंबट लागतं. आईच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. झडपेला 'सैल हो' असं सांगणाऱ्या चेतापेशी मरून गेल्या होत्या आणि 'आवळून धर' सांगणाऱ्या शिल्लक होत्या. वरच्या नळीची घास ढकलणारी लाटही थांबली होती. अन्न जठरात पोचतच नव्हतं, तर आंबट कुठून होणार? ते नळीतच साठायचं आणि आडवं झालं की परत यायचं. तुमचं वाक्य आईला तोंडपाठ आहे: "एकाचं दार लागत नाही, एकाचं उघडत नाही. बाहेरून दोघांचीही तक्रार तीच." साठून राहिलेल्या अन्नानेही नळीला जळजळ होते, आणि ती जळजळ पित्ताची वाटते, हेही तेव्हाच कळलं. गोळ्या आम्ल कमी करत होत्या, पण आम्लाचा तिथे प्रश्नच नव्हता.

या आजाराचं अकॅलेशिया हे नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. वर्षाला लाखात एखाद-दोन जणांना होणारा आजार. सुरुवातीला दुर्बिणीतून सगळं ठीक दिसू शकतं, कारण थोडा जोर दिला की दुर्बीण झडपेतून आत जाते. त्यामुळे आधीच्या रिपोर्टबद्दल माझी तक्रार नाही. टेन्शनचं बोलणं मात्र मी विसरलेले नाही.

तुम्ही घाईने निदानाचं नाव ठोकून दिलं नाहीत, कागदावर प्रश्नचिन्ह टाकून लिहिलंत. आधी बेरियमचं पांढरं पातळ औषध पाजून एक्स-रे, मग मॅनोमेट्री म्हणजे नळीतला दाब मोजणं, आणि पुन्हा एकदा दुर्बीण. झडपेजवळ कॅन्सरची गाठ असली तरी हीच लक्षणं दिसतात, ते आधी बाजूला काढायला हवं, हे तुम्ही मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलंत. दुर्बिणीच्या आधी नुसतं पातळ द्या, नळीत अन्न साठलेलं असेल तर भूल देताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे तुम्ही चिठ्ठीवर लाल पेनने लिहून दिलंत. तपासणी करणाऱ्या पुण्यातल्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचून मान डोलावली होती.

मॅनोमेट्रीची आईला सगळ्यात जास्त धास्ती होती. नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत घालतात, नळीवर दाब मोजणारे सेन्सर असतात, आणि आडवं पडून थोडं थोडं पाणी दहा वेळा गिळायला लावतात. भूल देत नाहीत, कारण गिळणं तर तपासायचं असतं. "नळी घशाशी आली की हनुवटी छातीला लावा आणि गिळत राहा, ओकारी आली तर तोंडाने श्वास घ्या," हे तुम्ही आधीच शिकवलं होतंत. स्क्रीनवर दाबाचे रंग उमटत होते. पाणी गिळल्यावर झडपेच्या जागी रंग निवळायला हवा होता, तो प्रत्येक वेळी तसाच गडद राहिला. आजाराच्या तीन प्रकारांपैकी दुसरा प्रकार निघाला, ज्याला उपचाराचा गुण सगळ्यात चांगला येतो.

पुढे काय करायचं हे ठरवायला आम्ही पुन्हा तुमच्याकडेच आलो. मोठ्या हॉस्पिटलात पर्याय सांगितले होते, पण भराभर. तुम्ही आईला समजेल असे सांगितलेत. १६७४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी व्हेलच्या हाडाला स्पंज बांधून एका रोग्याची ही वाट मोकळी केल्याचं लिहून ठेवलं आहे, हे ऐकताना आई पदर तोंडाला लावून बसली होती. १९१३ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी झडपेचे स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया केली. तीच आता लॅपरोस्कोपीने, म्हणजे पोटाला बारीक छिद्रं पाडून, करतात, आणि जोडीला जठराचा थोडा भाग वरून शिवून ऍसिडला आडकाठी करतात. फुग्याने झडप ताणतात तो आणखी एक मार्ग. आणि २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी पहिल्यांदा केलेलं पोएम. त्यात तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या अस्तराखालून बोगदा करत झडपेपर्यंत जायचं, आतूनच स्नायू कापायचा आणि बोगद्याचं तोंड क्लिप लावून बंद करायचं. पोटावर टाका नाही.

आईला तेच हवं होतं. तेव्हा तुम्ही एक गोष्ट मोकळेपणाने सांगितलीत, आणि मला वाटतं तुमचे खरे उपकार इथेच आहेत. "मावशी, हे दार एकदा कापलं की ते नीट लागणारही नाही. गिळायला येईल, पण मग खरंखुरं ऍसिड वर येऊ शकतं." २०१९ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या तुलनेत दोन वर्षांनी पोएम झालेल्यांपैकी ४४ टक्के लोकांच्या अन्ननलिकेत ऍसिडने झालेली इजा दिसली, लॅपरोस्कोपीवाल्यांमध्ये २९ टक्के. गिळण्यातला गुण दोन्हीकडे सारखाच. हे आकडे तुम्ही कागदावर लिहून आईच्या हातात दिलेत आणि म्हणालात, "आता तुम्ही ठरवा." सातवी शिकलेल्या माझ्या आईला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. तिने रात्रभर विचार केला आणि पोएमच निवडलं. "जळजळीला गोळी आहे, उपाशी राहण्याला नाही," असं म्हणाली.

पुण्याचं सगळं सुरळीत पार पडलं. दुसऱ्या दिवशी गळती नाही ना ते एक्स-रेत पाहिलं आणि पाणी दिलं. तिने पेला तोंडाला लावला आणि न थांबता संपवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गेलं की गं." काही दिवस पेज, ताक, वरणाचं पाणी. नंतर मऊ भात.

काही आठवड्यांनी रात्री छातीत जळजळलं. दुसरं कुणी असतं तर ऑपरेशन फसलं म्हणून रडारड झाली असती. आईने सकाळी तुम्हाला फोन लावला आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, आता आंबट येतंय." तुम्ही म्हणालात, हे अपेक्षितच आहे. जी गोळी आधी चुकीच्या आजारासाठी चालली होती, तीच आता बरोबर आजारासाठी सुरू झाली, आणि घ्यायची कशी हेही आम्हाला पहिल्यांदा कळलं. न्याहारीच्या अर्धा तास आधी, नंतर नाही, कारण जेवणाने जठरातले ऍसिड तयार करणारे पंप जागे होतात आणि गोळी जागे झालेले पंपच बंद करते. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या आहेत. उशा वाढवून उपयोग नाही, त्याने कंबरेत वाकायला होतं आणि पोटावर दाब येतो. रात्रीचं जेवण आता दिवेलागणीला, झोपण्याआधी तीन तास. झोपायचं डाव्या कुशीवर, म्हणजे जठर खालच्या बाजूला राहतं. हे सगळं आई पाळते, आणि आम्हालाही पाळायला लावते.

तुमच्याकडचा तो चार प्रश्नांचा तक्ता आठवतो? घास अडणं, वर येणं, छातीत दुखणं, वजन घटणं, प्रत्येकाला शून्य ते तीन. पहिल्या दिवशी बारापैकी दहा होते. गेल्या वेळी एक. तो एकसुद्धा आईनेच प्रामाणिकपणे सांगितला, घाईत खाल्लेला शंकरपाळा कधीतरी अडतो म्हणून.

हे वाचणाऱ्यांना तुमच्याच शब्दांत सांगते. जेवणानंतरची अधूनमधून होणारी जळजळ बहुतेकदा साधीच असते. पण घास अडत असेल, वजन आपोआप उतरत असेल, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखी काळी असेल, तर गोळ्या वाढवत बसू नका, तपासून घ्या. छातीत अचानक दुखलं, घाम आला, दम लागला, तर पित्त म्हणून थांबू नका, आधी ईसीजी. आणि महिनोन् महिने गोळी घेऊनही फरक नसेल तर डॉक्टरांना विचारा की मुळात आजार तोच आहे का.

आमच्या गल्लीतल्या एक काकू येत्या बाजारच्या दिवशी तुमच्याकडे येतील. त्यांनाही वर येतं. आईने विचारून घेतलं आहे, आंबट येतं आणि गिळायला त्रास नाही. तरी एकदा बघा. त्या लाजतात, स्वतःहून फारसं बोलणार नाहीत, थोडं विचारावं लागेल.

आईची पुढची दुर्बीण दिवाळीनंतर आहे. रिपोर्ट घेऊन आम्ही दोघी येऊच. तिने शेंगाच्या चटणीचा डबा भरून ठेवला आहे, तो या वेळी परत पाठवू नका.

आपली कृतज्ञ,
मावशींची थोरली लेक